ओळ सात, कडुलिंबाजवळची

कडुलिंबाला मोहोर आला की मला धडकी भरते. शाळेत शिकत होते तेव्हा परीक्षेने भरायची, शिक्षिका झाले तेव्हा तपासायच्या गठ्ठ्यांनी भरायची, आणि गेली तीन वर्षं आणखी एका कारणाने भरते. आमच्या शहरात मार्च महिन्यात सगळं एकदमच अंगावर येतं. दहावीचे पेपर, आठवडा-आठवडा कोरडा राहणारा नळ आणि लेंट. लेंट म्हणजे ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. या दिवसांत आम्ही ख्रिस्ती माणसं काहीतरी सोडतो, कोणी मटण, कोणी चहा, कोणी टीव्हीवरच्या मालिका, आणि प्रभू जसा वागला तसं थोडं तरी वागून बघतो. सोडायचं ते सुटतं, वागायचं तिथंच गाडी अडते, असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

गेल्या रविवारी देवळातली, म्हणजे आमच्या चर्चमधली, उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी बिस्किटांचा तो जुना पत्र्याचा डबा फिरवला. गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन आमची मोठी उपासना असते. क्रुसावर असताना प्रभू सात वेळा बोलला. त्या सात उद्गारांवर मंडळीतली सात साधी माणसं दहा-दहा मिनिटं बोलतात, आणि कोणी कशावर बोलायचं ते डब्यातली चिठ्ठी ठरवते. यंदा मला पाचवा उद्गार आला, तहानेचा. "नळाला पाणी येईना अन् बाईंना तहान आली," असं मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मीही हसले. चिठ्ठी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवायला गेले तर बोटांना तिथली जुनी चिठ्ठी लागली. तीन वर्षांपूर्वीची. तिच्यावर नुसतं 'एक' लिहिलेलं आहे. ती टाकून द्यायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

त्या वर्षी माझ्या बाबांना जाऊन बावीस वर्षं झाली होती. बाबा वैजापूरला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. म्हातारपणी माझ्याकडे राहायला आले आणि इथलेच झाले. "माझ्यावर फरशी-बिरशी घालू नको, छातीवर ओझं नको," असं सांगून गेले, म्हणून त्यांची कबर कच्चीच ठेवली. भोवती हाताएवढे दगड, उशाला लाकडी क्रूस आणि मी लावलेली सदाफुली. क्रुसाला वाळवी लागली तेव्हा 'पुढच्या ईस्टरला नवा करू' असं मी म्हटलं. मग त्याच्या पुढच्या. मग गुडघ्यांनी दगा दिला, मग शिकवण्या वाढल्या. दोन वर्षं मी तिकडं फिरकले नव्हते, हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर पुढं सांगायला जीभ वळायची नाही.

राखेच्या बुधवारी, म्हणजे लेंटच्या पहिल्याच दिवशी, शाळेतून परस्पर कबरस्तानात गेले. ऊन चांगलंच तापलं होतं. कडुलिंबाखाली बाबांच्या जागी सिमेंटचा निळा कठडा होता. उशाला लोखंडी क्रूस, त्यावर 'सोनाबाई' असं नाव आणि मागच्या ऑगस्टमधली तारीख. सदाफुलीचा मागमूस नव्हता. मी ओळी मोजल्या. परत फाटकाशी गेले आणि पुन्हा मोजत आले. गणिताची बाई आहे मी, सातला आठ म्हणत नाही. सातवीच ओळ होती. तिथं उन्हात उभी राहून मी बाबांना हाक मारली, मोठ्याने मारली, आणि मग कोणी ऐकलं का म्हणून घाबरून इकडंतिकडं पाहिलं.

कबरस्तानाचं काम खरातदादा बघायचे; जागा कमी, म्हणून जुन्या बेवारस कबरीत नव्या माणसाला जागा द्यायची रीत आहे. खरातदादा निवृत्त पोस्टमन. हर्सूलला राहतात, आणि तेव्हा सत्तरी ओलांडलेली असूनही तिथून सायकल मारत यायचे. सबंध नोकरीत एक पत्र चुकीच्या दारात पडू दिलं नाही, असं लोक त्यांच्यादेखत सांगायचे आणि ते मान खाली घालून ऐकायचे. पुढच्या रविवारी मी बाहेर थांबले आणि उपासना सुटल्या सुटल्या त्यांना पायऱ्यांवरच गाठलं.

"ओळ सातमधली कडुलिंबाजवळची कबर तुम्ही दुसऱ्यांना दिली?"

"व्हय बाई. मागच्या पावसाळ्यात."

"ती माझ्या वडिलांची होती."

त्यांचा चेहरा पांढरा पडला. "क्रूस नव्हता बाई. नाव नव्हतं. मला वाटलं, कुणी नाय आता तिला. चुकलं माझं."

"पत्र चुकीच्या दारात पडलं तर उचलून आणता येतं, खरातदादा. माझा बाप आता कुठून उचलून आणू?"

आवारातली माणसं वळून बघायला लागली. माझा आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जातो, तिथं तर फाटकापर्यंत गेला. पाळकसाहेब काहीतरी सांगायला पुढं झाले, तर खरातदादांनी त्यांचा हात धरला. "चुकलं बाई," एवढंच ते पुन्हा म्हणाले. त्यांनी हात धरलेला मला दिसला होता. पण त्याचा अर्थ लावत बसायला मला वेळ नव्हता, माझी अकराची शिकवणी होती.

दोन आठवड्यांनी डबा फिरला आणि माझ्या हाताला 'एक' लागली. पहिला उद्गार क्षमेचा. खिळे ठोकणाऱ्यांना आपण काय करतोय ते कळत नाही, तेव्हा बापाने त्यांना क्षमा करावी, असं प्रभूने मागितलं तो. चिठ्ठी उघडली तेव्हा तिसऱ्या बाकावर बसलेले खरातदादा माझ्याकडे बघत होते की नव्हते, मला माहीत नाही. मीच तिकडं बघितलं नाही. चिठ्ठी बदलून घ्यावी असं मनात आलं होतं. पण मग सगळ्यांना कारण कळलं असतं.

ते चाळीस दिवस मला अजून तासातासाने आठवतात. त्या वर्षी मी चहा सोडला होता. आमचे हे शांत माणूस, बँकेत उभा जन्म काढलेले, पण बोलले की नेमकं बोलतात. दुसऱ्याच आठवड्यात म्हणाले, "चहा सोडलास, राग मात्र दोन्ही वेळा साखर घालून चालू आहे." मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. सकाळी टँकरच्या रांगेत घागर लावून उभी असताना मी मनातल्या मनात खरातदादांना बोलायची. रोज नवं वाक्य सुचायचं, आदल्या दिवशीच्यापेक्षा धारदार. प्रार्थनेला डोळे मिटले की सदाफुली दिसायची. तिला उपटून कुठं टाकली असेल, हाच विचार मनात यायचा, आणि 'आमेन' इतरांबरोबर म्हणायचं राहून जायचं.

लेंटमध्ये दर शुक्रवारी संध्याकाळी कुणा ना कुणाच्या घरी प्रार्थना असते. त्या वर्षी चौथ्या शुक्रवारी आमची पाळी होती. वीसेक माणसं हॉलमध्ये सतरंजीवर बसली. खरातदादा आले, चपला काढल्या आणि दाराजवळच बसले. पंख्याचा वारा तिथवर पोचत नव्हता. "दादा, आत या की," असं यजमानीण म्हणून मी म्हणायला हवं होतं. मी स्वयंपाकघरात साखर शोधत राहिले. चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले, सगळ्यांना एकेक कप हातात दिला, आणि दारापाशी पोचण्याआधी ट्रे ह्यांच्या हातात देऊन मागं फिरले. सगळ्यांनी पाहिलं. सगळे आपापल्या कपात बघायला लागले. मागून खरातदादांचा आवाज आला, "सलाम साहेब. लई उकडतंय आज, न्हाय?" त्या साध्या बोलण्याचा मला इतका राग आला की हातातलं फडकं मी मोरीत फेकलं. तो माणूस चिडत का नाही, उलट उत्तर का देत नाही? चिडला असता तर माझं काम सोपं झालं असतं.

त्याच आठवड्यात दहावीचे गठ्ठे आले होते. पेपर तपासायचे तर आधी आदर्श उत्तरपत्रिका मिळते. ती समोर ठेवायची आणि मुलाचं उत्तर तिच्याशी ताडून बघायचं. मी गुण द्यायला कंजूष म्हणून शाळेत प्रसिद्ध आहे. मुलांना वर्षभर एकच सांगते, प्रश्न नीट वाचा, निम्म्या चुका तिथंच होतात. त्या रात्री जेवणं झाल्यावर लाल पेन घेऊन बसले आणि वाटलं, आपल्यालाही तर एक आदर्श उत्तरपत्रिका दिलेली आहे. लहानपणापासून पाठ आहे. तो कसा बोलला, कुठं गप्प राहिला, कोणाच्या घरी जेवला, सगळं. मग माझं उत्तर दर वेळी पहिल्याच ओळीला का चुकतं? मला त्याचं म्हणणं पटत होतं, फक्त ते खरातदादांना लागू करायचं नव्हतं. खिळे ठोकणाऱ्यांना कळत नव्हतं, ठीक आहे, पण पोस्टमनला कळायला नको? असा माझा युक्तिवाद होता. आज तो आठवला की मान खाली जाते.

गुड फ्रायडे आला. दुपारी बाराला देऊळ भरलेलं, वरचे पंखे गरम वारा खाली ढकलत होते, पांढरे कपडे घामाने पाठीला चिकटले होते. मी पहिली. मी फार चांगलं बोलले. हे मी फुशारकीने सांगत नाही, तक्रार म्हणून सांगते. क्षमा म्हणजे दुबळेपणा नव्हे, क्षमा म्हणजे आपला हक्क सोडणं, अशी एकापुढं एक वाक्यं मी लिहून नेली होती आणि ती सगळी तोंडपाठ होती. दोन-तीन बायकांनी पदर डोळ्यांना लावला. दहा मिनिटांत मी तिसऱ्या बाकाकडं एकदाही पाहिलं नाही.

तीन वाजता सगळे गप्प बाहेर पडत होते. त्या दिवशी कोणी मोठ्याने बोलत नाही. दाराशी खरातदादा उभे होते. "सलाम बाई," ते हळू म्हणाले, "चांगलं बोलल्या." आणि त्यांनी हात पुढं केला.

मी पर्स उघडली आणि स्कूटीची किल्ली शोधायला लागले. किल्ली वरच होती. मी ती खाली ढकलली आणि शोधत राहिले. बराच वेळ तो हात तसाच होता. मग गेला. क्षमेवर बोलून मला पुरता तासही झाला नसेल... खरं तर तीन तास झाले होते, पण मधल्या सहा उद्गारांतलं मी काही ऐकलंच नव्हतं. घरी येऊन मी जेवले नाही. हे म्हणाले, "उपास आहे का?" मी म्हटलं, "नाही, लाज आहे." आणि तरीही उठून हर्सूलला गेले नाही.

शनिवारी दुपारी बायका ईस्टरसाठी देऊळ सजवतात. माझं अक्षर बरं, म्हणून सूचना-फलक माझ्याकडं असतो. औरंगपुऱ्यातून घोटीव कागद आणले होते, त्यांची अक्षरं कापून 'प्रभू उठला आहे' असं लावायचं होतं. त्याआधी फलक मोकळा करायला हवा. कागदावर कागद टाचलेले होते, सहलीचे, लग्नांचे, हंगामाच्या सणाचे. एकेक काढत खाली गेले. तळाशी पावसाच्या ओलीने सुरकुतलेला एक कागद होता, हाताने लिहिलेला, खाली खरातदादांची सही.

'कबरस्तानात क्रूस किंवा नाव नसलेल्या कबरी खालीलप्रमाणे. ज्यांच्या असतील त्यांनी एक महिन्यात कळवावे.' खाली चार ओळी. तिसरी ओळ, 'ओळ सात, कडुलिंबाजवळची, दगड लावलेली.'

कडेला पाळकसाहेबांनी पेन्सिलने तीन वेळा 'वाचली' असं लिहून जुलैच्या तीन रविवारांच्या तारखा टाकल्या होत्या. त्या तिन्ही रविवारी मी देवळात होते. चौथ्या बाकावर, डाव्या टोकाला. पण आमच्याकडं सूचना शेवटच्या गीताआधी वाचतात, आणि सूचना सुरू झाल्या की मी मागच्या दाराने निघते, कारण अकराची शिकवणी. वर्षानुवर्षं तशीच निघत आले होते. मी खाली पायरीवर बसले. कापलेली अक्षरं मांडीवरून घरंगळून अंगणात गेली, ती दुसऱ्या बायकांनी गोळा केली.

खरातदादा कबरस्तानातच होते. ईस्टरच्या आदल्या दिवशी सगळ्या जुन्या कबरींना चुना लागतो, आणि ज्यांचं कोणी येत नाही त्यांना ते स्वतः लावतात. मी जवळ जाऊन कागद पुढं धरला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, बघितला, आणि ब्रश पुन्हा बादलीत बुडवला.

"हे त्या दिवशी का नाही सांगितलं?" मी विचारलं. रागाची सवय गेली नव्हती, ते विचारणंही भांडल्यासारखंच झालं.

"काय सांगायचं?"

"की तुम्ही तीनदा विचारलं होतं म्हणून. मी चारचौघांत तुम्हाला नाही नाही ते बोलले."

त्यांनी बादली पुढच्या कबरीपाशी सरकवली. "बाई, तुमचा बाप हरवला व्हता. त्यात चूक तुमचीच हाय, असं म्या कोणत्या तोंडानं सांगू? एक दुःख लई झालं व्हतं तुम्हाला. पाळकसाहेब सांगायले व्हते, म्याच त्यांना गप केलं." मग म्हणाले, "आन् माझं बी चुकलंच की. कागद डकवून मोकळा झालो. दारोदार फिरलो असतो तर धनी घावला असता. फिरायचंच तर काम केलं जन्मभर."

मला 'माफ करा' म्हणायचं होतं. दोन शब्द. त्याऐवजी मी विचारलं, "दुसरा ब्रश आहे का?" त्यांनी दिला. ऊन उतरेपर्यंत आम्ही दोघं पाचव्या ओळीपासून आठव्या ओळीपर्यंत चुना लावत गेलो, आणि निळ्या कठड्याच्या कबरीपाशी आले तेव्हा मी तिच्यावर पडलेली कडुलिंबाची फुलं हाताने झाडली.

घरी ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग बोललीस?"

"नाही. पण त्यांना कळलं असेल."

"बोल लावायचे मंडळीसमोर आणि समजून घ्यायचं कबरस्तानात. बरा हिशेब आहे."

आज तीन वर्षांनी यंदाच्या चिठ्ठीवर काय बोलावं म्हणून वही उघडून बसले आहे, आणि तहानेऐवजी हेच लिहिलं जातंय. पाणी यायला अजून तीन दिवस आहेत. गठ्ठ्यातल्या एका मुलाचं उत्तर चुकलंय, पण मांडणीच्या पायऱ्या बरोबर आहेत, त्याचे गुण मी दिले. पूर्वी दिले नसते. खरातदादा आता सायकल चालवत नाहीत, रिक्षाने येतात आणि अजून तिसऱ्याच बाकावर बसतात. मी अजून चिडते. मागच्याच आठवड्यात टँकरवाल्याला बोलले. मात्र सूचना संपेपर्यंत बसते. शिकवणी साडेअकराला केली आहे.

त्या ईस्टरला पहाटेच्या उपासनेसाठी सगळे कबरस्तानात जमलो. उजाडत होतं. बाबांच्या जागेशी एक बाई आधीच उभी होती, हातात दोन मेणबत्त्या. सोनाबाईंची मुलगी मार्था. एका वसतिगृहात पोळ्या करते. खरातदादांनी तिला आदल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं.

"बाई, मायला घेऊन दोन ठिकाणी फिरले म्या," ती म्हणाली. "जागा नाय म्हणले. वरून पाऊस. दादांनी हितं जागा दिली. खाली कुणी हाय हे मला ठावं नव्हतं. राग नका धरू." आणि एक मेणबत्ती माझ्या हातात दिली. "ही तुमच्या बाबांची."

मला रडू आलं. बाबा असते तर म्हणाले असते, पावसात भिजलेल्या माणसाला जागा द्यायला कसलं विचारायचं? दवाखाना बंद झाल्यावरही दार उघडणारा माणूस तो. आम्ही दोघींनी शेजारी शेजारी मेणबत्त्या लावल्या. वाऱ्याने माझी दोनदा विझली, मार्थाने ओंजळ धरली.

मग देवळातली उपासना. सूचनांची वेळ आली. पाय सवयीने उठायला निघाले. मी उठलेच, पण मागच्या दाराऐवजी पुढं गेले. पाळकसाहेबांना म्हटलं, "एक सूचना आहे." शुक्रवारी इथंच उभी राहून दहा मिनिटं न अडखळता बोलले होते. आता पर्समधून तो सुरकुतलेला कागद काढला आणि पहिल्याच शब्दाला अडखळले.

मी वाचलं. "कबरस्तानात क्रूस किंवा नाव नसलेल्या कबरी खालीलप्रमाणे. ज्यांच्या असतील त्यांनी एक महिन्यात कळवावे. ओळ सात, कडुलिंबाजवळची, दगड लावलेली." मग कागद खाली ठेवला. "ही सूचना इथं तीन वेळा वाचली गेली. मी ऐकली नाही, मी शिकवणीला गेले होते. ती कबर माझ्या वडिलांची आहे. कळवायला उशीर झाला. आणि खरातदादांना मी जे बोलले, ते माझं चुकलं. दादा, मला माफ करा."

या वेळी मी तिसऱ्या बाकाकडं पाहिलं. खरातदादा सावकाश उठले. पिशवीतून कबरस्तानाची वही काढली, बाकाच्या कडेवर उघडी ठेवली, पानं उलटत सातव्या ओळीपाशी आले आणि खिशातून पेन काढलं.

"नाव सांगा बाई," ते म्हणाले. "मोठ्यानं सांगा. मला कमी ऐकू येतं."

मी मोठ्याने सांगितलं.